अणूंच्या दऱ्याखोऱ्यांचा नकाशा

पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. तलाव वरून गोठतो आणि बर्फाखाली मासे जगतात, हे त्याचं उदाहरणही परीक्षेत लिहिलेलं आहे. पण पाणी असं का वागतं? बहुतेक द्रव थंड होताना आकसतच जातात. पाणी ४ अंशांपर्यंत आकसतं आणि तिथून पुढे फुगायला लागतं. पाठ्यपुस्तकात हायड्रोजन बंधांचं नाव येतं आणि विषय संपतो. तेवढ्याने समाधान होत नाही, कारण हायड्रोजन बंध ४० अंशांच्या पाण्यातही असतातच. खरं उत्तर हवं असेल, तर शेकडो रेणू एकमेकांना कसे ढकलतात, ओढतात, वळवतात हे एकेका क्षणाला पाहता आलं पाहिजे. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ताणला जाऊन पुन्हा मूळ जागी येतो तो नऊ-दहा फेमटोसेकंदांत. एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहा लाखावा भाग. इतक्या वेगाने चाललेली शेकडो रेणूंची धक्काबुक्की थेट पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक नाही.

म्हणून पाणी संगणकात घडवावं लागतं. त्याची रीत सांगायला सोपी आहे. प्रत्येक अणू कुठे आहे ते लिहून ठेवायचं, त्याच्यावर किती बल लागतंय ते काढायचं, न्यूटनच्या नियमाने त्याला एका फेमटोसेकंदापुरतं सरकवायचं, आणि नव्या जागांवरून पुन्हा बल काढायचं. याला मॉलेक्युलर डायनॅमिक्स म्हणतात. असे दहा लाख टप्पे झाले की एक नॅनोसेकंद पुरा होतो. सरकवण्याचं काम कोणताही संगणक बिनबोभाट करतो. खरा घोर असतो तो बलांचा.

बल कुठून येतं हे समजण्यासाठी सह्याद्रीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. अणूंची प्रत्येक मांडणी म्हणजे नकाशावरचा एक बिंदू, आणि त्या मांडणीची ऊर्जा म्हणजे त्या ठिकाणची उंची. स्थिर रेणू दरीच्या तळाशी बसलेला असतो. रासायनिक अभिक्रिया म्हणजे एका दरीतून निघून, सगळ्यांत कमी चढाची खिंड गाठून, पलीकडच्या दरीत उतरणं. आणि बल म्हणजे त्या ठिकाणचा उतार. उतार जितका तीव्र तितकं बल जास्त, आणि त्याची दिशा नेहमी खालच्या बाजूला. एकच फरक आहे, पण तो सगळं अवघड करून टाकतो. सह्याद्रीत चालायला उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोनच दिशा असतात. शंभर अणूंच्या या मुलखात जवळपास तीनशे दिशा असतात. एवढ्या मुलखाचं पायी सर्वेक्षण कुणालाच शक्य नाही.

एखाद्या ठरावीक बिंदूची उंची मात्र काढता येते. तिचे नियम पुंजयामिकीने, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सने, दिलेले आहेत. पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवलं होतं की रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत नियम आता हाती आले आहेत, अडचण आहे ती त्यातून निघणारी समीकरणं सोडवण्याची. शंभर वर्षं होत आली, तरी ती अडचण तिथेच आहे. आपण तिला बगल देण्याचे मार्ग तेवढे शोधले.

पहिला मार्ग होता सूत्रांचा. १९२४ मध्ये जॉन लेनर्ड-जोन्स यांनी दोन अणूंमधल्या ऊर्जेसाठी साधी सूत्रं मांडली. पुढे रूढ झालेल्या त्यांच्या रूपात दोनच पदं आहेत: अणू फार जवळ आले की जोरात ढकलणारं एक, आणि थोडं अंतर पडलं की हळूच ओढणारं दुसरं. अर्गॉनसारख्या अलिप्त वायूला एवढं पुरतं. १९६४ मध्ये अनीसुर रहमान यांनी शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत याच सूत्रावर ८६४ अणूंचं द्रवरूप अर्गॉन संगणकात घडवलं. अणू एकमेकांभोवती कसे जमतात आणि किती वेगाने विखुरतात याची त्यांनी काढलेली उत्तरं प्रयोगांशी जुळली. रहमान मूळचे हैदराबादचे. खऱ्या द्रवाची अणूगणिक हालचाल संगणकावर पाहण्याच्या शास्त्राचा पाया त्यांनी घातला, आणि अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय भौतिकशास्त्राचा पुरस्कार त्यांच्याच नावाने देते. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नसावं, याची मला मनापासून खंत वाटते.

१९७१ मध्ये रहमान आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी २१६ रेणूंचं पाणी घडवलं. तिथे सूत्रांची मर्यादा जाणवू लागली. पाण्याच्या रेणूवर ठरावीक जागी ठरावीक विद्युतभार ठेवायचे, आणि प्रयोगांशी मेळ बसेपर्यंत ते आकडे हाताने जुळवत राहायचे. पुढच्या पन्नास वर्षांत प्रथिनांसाठी, धातूंसाठी, सिलिकॉनसाठी अशी कितीतरी सूत्रं तयार झाली आणि त्यांच्या जोरावर फार मोठं काम झालं. २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मार्टिन कार्प्लस, मायकेल लेविट आणि एरिए वॉर्शेल यांना मिळालं ते याच परंपरेतल्या कामासाठी. पण यातल्या बहुतेक सूत्रांमध्ये कोण कुणाशी बांधलेलं आहे हे आधीच ठरलेलं असतं. बंध तुटत नाहीत, नवे जुळत नाहीत. म्हणजे रसायनशास्त्राचा गाभाच त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो.

दुसरा मार्ग होता प्रत्येक टप्प्यावर पुंजयामिकीच विचारण्याचा. वॉल्टर कोन आणि लू शॅम यांनी १९६५ मध्ये अशी पद्धत दिली, की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्वतंत्र हिशेब ठेवण्याऐवजी इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढता येते. तिला डेन्सिटी फंक्शनल थिअरी किंवा नुसतं डीएफटी म्हणतात. १९८५ मध्ये रोबेर्टो कार आणि मिकेले पारिनेलो यांनी इटलीत त्रिएस्तला ती मॉलेक्युलर डायनॅमिक्सशी जोडली. आता बंध तुटू शकत होते, प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर जाऊ शकत होता. पण किंमत जबर होती. नेहमीच्या डीएफटीत अणू दुप्पट केले की गणित साधारण आठपट वाढतं. काहीशे अणू आणि काही डझन पिकोसेकंद, एवढ्यातच महासंगणकाचा वेळ संपून जायचा. पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. पाणी थंड होताना फुगतं हे पाहायला तेवढा वेळ पुरत नाही.

अशी दोन दशकं गेली. वेगवान सूत्रावर विश्वास ठेवता येत नव्हता, आणि विश्वासाची पद्धत परवडत नव्हती.

मग एक विचार पुढे आला. निवडक बिंदूंची उंची डीएफटीने काढायची आणि मधला मुलूख न्यूरल नेटवर्कला भरायला सांगायचा. दिलेल्या उदाहरणांवरून आकड्यांमधला संबंध शोधून काढणं हेच तर या नेटवर्कचं काम. १९९५ मध्ये निकेलच्या पृष्ठभागावरच्या कार्बन मोनॉक्साइडसाठी असा प्रयत्न झालाही होता. पण त्या नेटवर्कला मोजकेच आकडे देता येत होते. अणूंची संख्या बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

घोडं नेमकं कुठे अडत होतं, ते पाण्याच्या एका रेणूवर पाहू. ऑक्सिजन मध्ये, दोन हायड्रोजन प्रत्येकी ०.९६ अंगस्ट्रॉमवर, दोन बंधांमधला कोन १०४.५ अंश. एक अंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. तीन अणूंच्या जागा सांगायला नऊ आकडे लागतात. आता रेणू आहे तसाच ठेवून नुसता ३० अंशांनी फिरवा. आकडे बदलले, ऊर्जा तीच. रेणू उचलून दुसरीकडे ठेवा. पुन्हा आकडे बदलले, ऊर्जा तीच. दोन हायड्रोजनांची अदलाबदल करा. यादीतला क्रम बदलला, ऊर्जा तीच. आपल्याला हे उघड दिसतं. नेटवर्कला नऊ आकड्यांपलीकडे काहीच दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी समोर नवी वस्तू आली असं ते मानतं. फिरवलेल्या प्रत्येक स्थितीचं उदाहरण द्यायचं म्हटलं, तर उदाहरणांना अंतच राहणार नाही.

२००७ मध्ये यॉर्ग बेलर आणि पारिनेलो यांनी यावर तोड काढली. बेलर तेव्हा ईटीएच झ्युरिकमध्ये पारिनेलोंकडे संशोधन करत होते. स्वतः पारिनेलोंनी १९८० च्या सुमाराला रहमान यांच्याबरोबर काम केलं होतं, तेव्हा हा धागा थेट त्या ८६४ अर्गॉन अणूंपर्यंत जातो. बेलर-पारिनेलो यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे एकूण ऊर्जेची अणूगणिक वाटणी. प्रत्येक अणूच्या वाट्याची ऊर्जा त्याच्या आसपासच्या, साधारण ६ अंगस्ट्रॉमच्या आतल्या शेजाऱ्यांवरून ठरते असं मानायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. सगळ्या ऑक्सिजनांना एकच नेटवर्क, सगळ्या हायड्रोजनांना दुसरं. मग रेणू तीन असोत की तीन लाख, नेटवर्क तेच चालतं, आणि अणू दुप्पट झाले तर काम दुप्पटच होतं, आठपट नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नेटवर्कला जागांचे आकडे द्यायचेच नाहीत. अणूभोवती कोणत्या अंतरावर किती शेजारी आहेत आणि ते एकमेकांशी कोणते कोन करतात, यांच्या बेरजा द्यायच्या. अंतर आणि कोन रेणू फिरवल्याने बदलत नाहीत. बेरीज शेजाऱ्यांचा क्रम बदलल्याने बदलत नाही.

माझ्या मते या साऱ्या कथेतलं सगळ्यांत मोलाचं पाऊल हेच. वर्तमानपत्रांतून आपण ऐकतो की यंत्राला भरपूर माहिती दिली आणि ते शिकलं. इथे घडलं ते असं, की भौतिकशास्त्राला जे आधीच पक्कं ठाऊक होतं ते माणसांनी यंत्राच्या रचनेतच बसवलं, आणि जे ठाऊक नव्हतं तेवढंच त्याच्याकडे शिकायला सोपवलं. पुढच्या प्रगतीचा मागही याच वाटेने लागतो. २०१० मध्ये गाबोर चानी, अल्बर्ट बार्टोक आणि सहकाऱ्यांनी न्यूरल नेटवर्क बाजूला ठेवून संख्याशास्त्राची वेगळी पद्धत वापरली, तरी शेजाराचं वर्णन कसं करायचं हाच प्रश्न त्यांच्याही केंद्रस्थानी होता. हार्वर्डमध्ये तयार झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नेक्विप’ या मॉडेलने आणखी पुढची गोष्ट केली. रेणू फिरला की त्याच्यावरच्या बलांचे बाणही तेवढेच फिरले पाहिजेत, हा नियम त्याने नेटवर्कच्या आतल्या प्रत्येक थरात पाळला. त्यामुळे काही उदाहरणांमध्ये आधीच्या मॉडेलांच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या माहितीवर ते तितकंच अचूक शिकलं.

शिकवण्यात आणखी एक फायदा असतो. ६४ पाणी-रेणूंचं एक डीएफटी गणित केलं की ऊर्जेचा आकडा एकच मिळतो. पण त्यात १९२ अणू असतात आणि प्रत्येकावर तीन दिशांची बलं, म्हणजे ५७६ आकडे त्याच गणितातून हाती येतात. उंचीबरोबर सगळ्या दिशांचे उतारही कळले, तर थोड्या बिंदूंवरूनही मुलूख पुष्कळ समजतो.

आता ४ अंशांच्या पाण्याकडे येऊ. २०१६ मध्ये बेलर, व्हिएन्नाचे क्रिस्टोफ डेलागो आणि सहकाऱ्यांनी डीएफटीवरून शिकवलेली पाण्याची नेटवर्क्स वापरून हाच प्रश्न सोडवायला घेतला. पाण्याच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंधांखेरीज व्हॅन डर वाल्स बलं असतात. ती दुबळी आणि सगळ्या बाजूंनी सारखी ओढणारी असल्यामुळे हिशेबात अनेकदा दुय्यम मानली जातात. संशोधकांनी ही बलं धरून शिकवलेली आणि ती वगळून शिकवलेली नेटवर्क्स शेजारी ठेवली. खऱ्या पाण्यात असा प्रयोग करताच येत नाही, कारण निसर्गातून एक बल काढून ठेवणं कुणाच्या हातात नाही. निष्कर्ष असा निघाला, की घनतेचा तो सर्वोच्च बिंदू आणि बर्फ वितळताना होणारा आकुंचनाचा प्रकार, म्हणजेच बर्फाचं तरंगणं, या दोन्हींसाठी ही दुबळी बलंच निर्णायक आहेत. ती हायड्रोजन बंधांच्या जाळ्याला लवचीक ठेवतात. पाणी थंड होताना प्रत्येक रेणूभोवतीचं शेजाऱ्यांचं दुसरं कडं बाहेर सरकतं, आणि पाणी फुगतं. तलावातले मासे जगतात त्यामागे पाण्यातलं सगळ्यांत दुबळं बल आहे, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

दुसरं उदाहरण सिलिकॉनचं. व्होल्कर डेरिंगर, चानी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक लाख अणूंचं सिलिकॉन संगणकात वितळवलं, थंड करून काचेसारखं विस्कळीत गोठवलं आणि मग त्याच्यावरचा दाब २० गिगापास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ दोन लाखपट, नेला. सिलिकॉन एका झटक्यात बदललं नाही. आधी त्यात दाट आणि विरळ भाग शेजारी-शेजारी दिसले, मग सगळंच ढासळून फार दाट झालं, आणि त्या दाट गोळ्यातून स्फटिकाचे कण उगवले. काहीशे अणूंच्या पेटीत हे दिसलंच नसतं, कारण एवढ्याशा पेटीत दोन वेगळे भाग मावतच नाहीत.

आकाराचा उच्चांक याआधीच झाला होता. २०२० चं गॉर्डन बेल पारितोषिक ज्या चमूला मिळालं, त्याने ओक रिजच्या ‘समिट’ महासंगणकावर दहा कोटी अणू डीएफटीच्या अचूकतेने दिवसाला एक नॅनोसेकंदाहून जास्त चालवून दाखवले. त्या चमूत रोबेर्टो कार होते, हेही सांगायला हवं.

आता या नकाशांचा दोष. सर्वेक्षण झालेल्या बिंदूंच्या मध्ये नेटवर्क उत्तम काम करतं. जिथे कुणी पोहोचलंच नाही, तिथेही ते उंची सांगतं, आणि तितक्याच ठामपणे सांगतं. समजा उदाहरणांमध्ये दोन अणू एकमेकांच्या फार जवळ आलेले कधीच नव्हते. मग जिथे खरा उभा कडा आहे, तिथे नकाशावर खोल दरी दाखवली जाऊ शकते. अणू उतार पाहून चालतात, ते त्या खोट्या दरीत कोसळतात, आणि सिम्युलेशन काही फेमटोसेकंदांत मोडून पडतं. मोडून पडलं तर एका परीने बरं, निदान चूक कळते. बारीक चूक मात्र न मोडता निष्कर्षात मुरते. बलांमधली सरासरी चूक अत्यल्प असलेली मॉडेलंही लांबच्या सिम्युलेशनमध्ये भरकटू शकतात हे तपासांत दिसून आलेलं आहे. म्हणून नुसत्या अचूकतेच्या तक्त्यावर विसंबणाऱ्या संशोधकांवर माझा विश्वास बसत नाही. मॉडेलने काढलेली घनता, विसरण, वितळणबिंदू प्रयोगाशी ताडून पाहिले का, हा प्रश्न आधी विचारावा.

यावर कामात रुळलेला उपाय आहे. एकाच माहितीवर, पण वेगवेगळ्या सुरुवातीपासून, चार-पाच नेटवर्क्स शिकवायची आणि एकत्र चालवायची. ओळखीच्या मुलखात सगळ्यांची उत्तरं जुळतात. एखाद्या मांडणीवर ती फाकली की समजायचं, इथे सर्वेक्षण झालेलं नाही. तिथे थांबायचं, त्या मांडणीचं डीएफटी गणित करायचं, ते उदाहरणांत घालायचं आणि नेटवर्क्स पुन्हा शिकवायची. असे फेरे वारंवार होतात. आणि हेही लक्षात ठेवायला हवं की नेटवर्क निसर्गाकडून शिकत नाही, डीएफटीकडून शिकतं. डीएफटीचं जे चुकतं, ते त्याचंही चुकतं.

गेल्या काही वर्षांत एकेका पदार्थासाठी वेगळं मॉडेल करण्याऐवजी सगळ्या मूलद्रव्यांना चालेल असं एकच मॉडेल तयार करण्याकडे ओढा आहे. २०२३ च्या अखेरीस आलेलं ‘मेस-एमपी-शून्य’ हे ८९ मूलद्रव्यांच्या सुमारे १५ लाख मांडण्यांवर शिकलेलं आहे. ही माहिती बर्कलीच्या ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’मधली. २०२५ मध्ये मेटा आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने रेणूंच्या दहा कोटींहून जास्त डीएफटी गणितांचा संच खुला केला. त्यासाठी प्रोसेसरचे सहा अब्ज तास लागले. लहान विद्यापीठातल्या विद्यार्थ्यालाही हे फुकट उतरवून घेता येतं, आणि माझ्या दृष्टीने या क्षेत्रातली ही सगळ्यांत आनंदाची गोष्ट आहे.

पण सर्वेक्षणाचा नियम इथेही सुटत नाही. ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’मधल्या बहुतेक मांडण्या दरीच्या तळाजवळच्या, कारण तो संच स्थिर पदार्थ शोधण्यासाठीच तयार झाला होता. त्यावर शिकलेली मॉडेलं दरीच्या भिंती खऱ्यापेक्षा कमी उभ्या मानतात असं २०२४ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे अणूंची कंपनं मंद निघतात आणि अणूला एका जागेवरून दुसरीकडे जाणं खऱ्यापेक्षा सोपं दिसतं. सुदैवाने भिंतींवरची थोडीशी उदाहरणं दिली तरी ही चूक बरीच सुधारते.

जास्त चिवट अडचण त्या ६ अंगस्ट्रॉमच्या वर्तुळाची आहे. दहा कार्बन अणूंची सरळ साखळी आणि दोन्ही टोकांना एकेक हायड्रोजन, असा रेणू घ्या. त्यातल्या कार्बन साखळीची लांबी सुमारे १२ अंगस्ट्रॉम. एका टोकाला जादा प्रोटॉन चिकटवला की धनभार साखळीभर पसरतो आणि दुसऱ्या टोकाच्या अणूंवरचा भारही बदलतो. त्या टोकाच्या अणूचं वर्तुळ मात्र साखळीच्या मध्यावरच संपतं. त्याच्या नेटवर्कच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. बेलर आणि बासेलचे श्टेफान गोएडेकर यांच्या चमूने २०२१ मध्ये यासाठी वेगळी रचना मांडली. नेटवर्कने प्रत्येक अणूची भार ओढून घेण्याची क्षमता तेवढी सांगायची, त्यावरून एकूण भार सबंध रेणूत कसा वाटला जाईल हे समीकरण सोडवून काढायचं, आणि मग ऊर्जा आणि बलं काढायची. साखळीचं उदाहरण यात नीट सुटतं. मात्र भारवाटपाच्या समीकरणात सगळे अणू एकत्र येतात, त्यामुळे अणू वाढले की खर्च पुन्हा भराभर वाढू लागतो. बॅटरीतल्या आयनांनी भरलेल्या द्रावणात किंवा विद्युतभारित धातूच्या पृष्ठभागाशी असलेल्या पाण्यात दूरचे भार दुर्लक्षून चालत नाही, म्हणून हे समीकरण कमी खर्चात कसं सोडवायचं यावर सध्या अनेक गट काम करत आहेत.